२०३८ ची तारीख आणि दुकानातला संगणक: दुरुस्ती, बदली की जैसे थे?

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की बऱ्याच जुन्या प्रोग्रॅमांतला सेकंदांचा हिशोब संपतो. हे प्रोग्रॅम तारीख म्हणून तारीख ठेवत नाहीत. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिच वेळेने, किती सेकंद उलटले तेवढा आकडा ठेवतात. त्या आकड्याला ३२ बिटांची (शून्य-एकाच्या ३२ घरांची) जागा दिली असेल तर त्यात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि प्रोग्रॅमच्या लेखी डिसेंबर १९०१ उजाडतो.

या तारखेचं काय करायचं असं विचारलं की छोट्या धंदेवाल्याला तीन सल्ले मिळतात. देखभालीचं कंत्राट घेतलेला म्हणतो, सगळे संगणक बदला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्रोग्रॅम लिहून दिलेला म्हणतो, काही होत नाही, चालू द्या. सीएंच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो, क्लाउडवर जा, डोक्याला ताप नको. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, पण बिल तिघांचंही तुम्हीच भरणार आहात. म्हणून हे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून बघू.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासता येईल. पैसे डब्यावर घालू नका, डेटावर घाला. संगणक, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, हजेरीचं मशीन या वस्तू आपल्या मरणाने २०३८ च्या आधीच जाणार आहेत. प्रोग्रॅम आणि त्यातल्या नोंदी मात्र एका मशीनवरून दुसऱ्यावर उचलून नेल्या जातात आणि सोबत तारखेचा दोषही नेतात.

तारीख एकच नाही

२०३८ चा गाजावाजा जास्त आहे, पण छोट्या व्यवसायाला त्याआधीच एक तारीख आडवी येते: २०३०. वर्ष दोन आकड्यांत टाकायची सवय २००० सालच्या गोंधळानंतरही गेली नाही. तेव्हा प्रोग्रॅम दुरुस्त करायच्या दोन पद्धती होत्या. एक, वर्ष सगळीकडे चार आकडी करणं. हे महाग पडायचं. दुसरी स्वस्त पद्धत म्हणजे एक सीमा ठरवणं: ०० ते २९ आलं तर २०००-२०२९ समजायचं, ३० ते ९९ आलं तर १९३०-१९९९. घाईत बहुतेकांनी दुसरी पद्धत घेतली. काहींनी सीमा २० वर ठेवली होती आणि त्यांची पंचाईत १ जानेवारी २०२० ला झाली. ज्यांनी ३० वर ठेवली त्यांची पाळी आता येतेय.

याची चाचणी घ्यायला कुणाला बोलवायची गरज नाही. एक्सेलच्या रिकाम्या चौकोनात १/४/३० टाका, एंटर मारा आणि वरच्या फॉर्म्युला पट्टीत वर्ष बघा. अनेक संगणकांवर १९३० दिसेल. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनच्या तारखेच्या सेटिंगात ही सीमा पुढे सरकवता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. आता हाच प्रयोग तुमच्या बिलिंगच्या पडद्यावर करा. तिथे तारखेची जागा दोन तिरक्या रेघांमध्ये दोन-दोन घरांचीच असेल तर आत काय घडतंय ते बाहेरून कळत नाही. १ एप्रिल २०३० ला केलेलं उधारीचं बिल १९३० चं समजलं गेलं तर येणे बाकीच्या यादीत त्या गिऱ्हाइकापुढे ३६,५२५ दिवस दिसतील. व्याज लावायची सोय प्रोग्रॅममध्ये असेल तर पुढची गंमत विचारायला नको.

पतसंस्थांसाठी तर २०३० ही आजचीच तारीख आहे. एप्रिल २०२६ मध्ये पाच वर्षांची ठेव घेतली तर ती २०३१ मध्ये परत द्यायची. ठेवपावतीवर ३१ छापलं जातं, पण आत १९३१ गेलं असेल तर मुदत उणे येते. पुढच्या तारखा टिपणाऱ्या प्रत्येक व्यवसायाची हीच गोष्ट. पंधरा वर्षांच्या घरकर्जाच्या हप्त्यांचा तक्ता आज काढला तर तो २०३८ ओलांडतो. पगाराचा प्रोग्रॅम १९८५ साली जन्मलेल्या कामगाराची ५८ वर्षांची निवृत्ती मोजतो तेव्हा २०४३ गाठतो. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीच्या वेब सर्व्हर प्रोग्रॅमला २००६ च्या मे महिन्यातच २०३८ चा फटका बसला होता. कुणीतरी 'जवळजवळ कधीच नाही' या अर्थाने शंभर कोटी सेकंदांची मुदत घातली होती, ती आजच्या तारखेत मिळवल्यावर मर्यादेच्या बाहेर गेली.

आणखी एक तारीख यंत्रांची आहे. इंटरनेटवरून घड्याळ जुळवायची जी पद्धत आहे, तिचा स्वतःचा मोजणारा आकडा ७ फेब्रुवारी २०३६ ला पुन्हा शून्यावर येतो. नवे प्रोग्रॅम हे सांभाळतात. जुना राउटर किंवा जुनं हजेरी मशीन कदाचित १९०० सालात जाऊन बसेल. वाहतूक व्यवसायात ट्रकवर जीपीएस बसवलेलं असतं, त्याचा आठवड्यांचा मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी फिरतो. तो एप्रिल २०१९ मध्ये फिरला होता, आता नोव्हेंबर २०३८ मध्ये फिरेल.

जुनं म्हणजे धोक्याचं, हे इथे चालत नाही

निवड करताना सगळ्यात मोठी चूक इथेच होते. डॉसमधला (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचा), फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या जुन्या साधनात लिहिलेला काळ्या पडद्याचा प्रोग्रॅम बघितला की वाटतं, हा पहिला जाणार. प्रत्यक्षात २०३८ शी त्याचं फारसं देणंघेणं नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये तारखेचा रकाना आठ आकड्यांचा असतो, वर्ष-महिना-दिवस असा, आणि त्यात वर्ष पूर्ण चार आकडी असतं. तिथे १९७० पासूनचे सेकंद मोजायचा प्रश्नच नाही. त्याचा त्रास दोन ठिकाणी आहे. पडद्यावर दोन आकडी वर्ष घेतलं जातं तिथे एक, आणि प्रोग्रॅमरने तारीख तारखेच्या रकान्यात न ठेवता साध्या अक्षरांच्या रकान्यात '०१/०४/३०' अशी ठेवली असेल तिथे दुसरा. पहिली गोष्ट 'सेट सेंच्युरी' या आज्ञेने आणि पडद्यावरची जागा वाढवून सुटते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक फाइल उघडून रकाना बदलावा लागतो आणि जुन्या नोंदी उलगडून पुन्हा भराव्या लागतात.

याउलट २०१२-१५ च्या सुमारास कुणाकडून तरी करून घेतलेला, ब्राउझरमध्ये चालणारा छान रंगीत प्रोग्रॅम बघा. आत पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, म्हणजे नोंदींचा साठा. मायएसक्यूएलमधला टाइमस्टॅम्प नावाचा रकाना बरोबर १९ जानेवारी २०३८ ला थांबतो; त्यापुढची तारीख तो घेतच नाही. त्याच डेटाबेसमधला डेटटाइम हा रकाना ९९९९ सालापर्यंत चालतो. कित्येकांनी तिसरंच काही केलेलं असतं: सेकंदांचा आकडा साध्या पूर्णांकाच्या रकान्यात ठेवलेला असतो आणि त्यापुढे कंसात ११ लिहिलेलं असतं. त्या ११ मुळे अकरा आकडी संख्या मावेल असं वाटतं, पण तो आकडा फक्त दाखवण्याच्या रुंदीचा आहे. क्षमता तीच, २१४ कोटींची. सर्व्हर ६४ बिटांचा केला, नवा संगणक घेतला, तरी रकाना ३२ बिटांचाच राहतो.

विंडोजच्या जगातही हाच प्रकार. विंडोज स्वतः वेळ ६४ बिटांत ठेवतं, त्याला २०३८ ने काही होत नाही. पण व्हिज्युअल स्टुडिओ २००५ च्या आधीच्या साधनांनी बनवलेले सी भाषेतले प्रोग्रॅम बहुधा ३२ बिटांची वेळ पोटात घेऊन फिरतात, आणि ते विंडोज ११ वरही बिनतक्रार चालतात. चालतात म्हणूनच संशय येत नाही.

३२ बिटांची मर्यादा २०३८ च्या आधीही त्रास देऊ शकते. १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या, मेल सांभाळणाऱ्या एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ वर, जे लोक स्वतःच्या ऑफिसात सर्व्हर ठेवतात त्यांच्याकडे, मेल अडकून पडली. व्हायरस तपासणाऱ्या भागात आवृत्तीचा क्रमांक तारखेपासून बनत होता. २२०१०१०००१ हा क्रमांक ३२ बिटांत मावला नाही. मायक्रोसॉफ्टचं असं झालं तिथे आपल्या गल्लीतल्या प्रोग्रॅमरला दोष देण्यात अर्थ नाही.

चार पर्याय शेजारी-शेजारी

| पर्याय | कुठे शोभतो | कुठे अडतो |
|---|---|---|
| जैसे थे | डीव्हीआर, हजेरी मशीन, राउटर | पुढच्या तारखा टिपणारा कुठलाही प्रोग्रॅम |
| घड्याळ मागे नेणं | नेटवर्कला न जोडलेलं एकटं यंत्र | बिलिंग, हिशोब, जीएसटी |
| दुरुस्ती | कोड हाताशी, धंद्याची रीत वेगळी | प्रोग्रॅमर गायब, कोड नाही |
| बदली, तयार पॅकेज किंवा क्लाउड | नेहमीची खरेदी-विक्री, ई-इनव्हॉइस | जुना डेटा आणण्याचा खर्च |

घड्याळ मागे नेण्याचं आधी उरकून टाकू, कारण हा सल्ला कानावर येतो आणि ऐकायला हुशारीचा वाटतो. कॅलेंडर दर २८ वर्षांनी जसंच्या तसं परत येतं, वारासकट. म्हणून २०३८ ऐवजी यंत्राला २०१० सांगायचं. १९ जानेवारी २०१० लाही मंगळवारच होता. कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या, तारीख फक्त नोंदीसाठी वापरणाऱ्या जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या कटाईच्या) मशीनला हे चालून जाईल. भोसरी किंवा शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये असं एखादं मशीन असतंच, आणि त्याचा कंट्रोलर बदलण्याचा खर्च ऐकला की घड्याळ मागे नेणं सोन्यासारखं वाटतं. बिलिंगच्या संगणकावर मात्र हे करू नका. २०१० मध्ये जीएसटीच नव्हता, हे एक. सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र त्या संगणकाला 'अजून लागू झालेलं नाही' असं दिसेल आणि पोर्टल उघडणार नाही, हे दुसरं. आणि तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणं बंधनकारक आहे. ती नोंद जाणूनबुजून खोट्या तारखेने करणारं घड्याळ ऑडिटरला कसं समजावणार?

जैसे थे ठेवण्याला आळस म्हणून हिणवू नये. सीसीटीव्हीचा डीव्हीआर पाच-सात वर्षांत हार्ड डिस्कसकट थकतो. आज चालू असलेला डीव्हीआर २०३८ बघेल अशी शक्यता कमी. काही मशीनांत सेटिंगमध्ये वर्ष २०३७ च्या पुढे सरकतच नाही. ते दिसलं तरी आज पैसे घालायचं कारण नाही. पुढची खरेदी करताना विक्रेत्यासमोर वर्ष २०४० करून बघा, एवढं पुरे. हजेरीच्या मशीनबद्दल एकच सूचना: त्यातली हजेरी दर महिन्याला संगणकावर उतरवून घ्या. मशीन गेलं तरी नोंद राहते, आणि पगारावरून वाद झाला तर तीच लागते.

दुरुस्ती विरुद्ध बदली: खरी ओढाताण इथे

दुरुस्तीचा विचार करताना पहिला प्रश्न पैशाचा नसतो, कोडचा असतो. प्रोग्रॅमरने तुम्हाला मूळ कोड (वाचता आणि बदलता येणारा प्रोग्रॅमचा मजकूर) दिलाय की फक्त चालणारी एक्झी फाइल? बहुतेकांना हे माहीतच नसतं. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये पीआरजी नावाने संपणाऱ्या फाइल दिसल्या तर फॉक्सप्रोचा कोड तिथे आहे. पीएचपीचा प्रोग्रॅम असेल तर कोड सर्व्हरवर उघडाच असतो, तो कुणीही जाणकार वाचू शकतो. या एका कारणाने पीएचपी-मायएसक्यूएलची दुरुस्ती फॉक्सप्रोच्या दुरुस्तीपेक्षा सोपी पडते, दोष मोठा असूनही. टाइमस्टॅम्पचा रकाना डेटटाइम करणं, पूर्णांकाचा रकाना मोठ्या पूर्णांकाचा करणं, ही कामं एखाद्या दिवसाची आहेत. त्यात एक खाच आहे. टाइमस्टॅम्प वेळ ग्रिनिचची ठेवतो आणि दाखवताना स्थानिक करून दाखवतो. डेटटाइम जसं दिलं तसं ठेवतो. रूपांतर करताना डेटाबेसची वेळ भारताच्या वेळेवर नसेल तर सगळ्या जुन्या नोंदी साडेपाच तास मागे जाऊन बसतात. पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदी आदल्या दिवसात जातात. दूध संकलनाचा प्रोग्रॅम असेल तर सकाळच्या फेरीतलं काही दूध कालच्या तारखेला पडलंच म्हणून समजा.

प्रोग्रॅमर 'दुरुस्त करून देतो' म्हणाला की विचारायचं: वर्ष चार आकडी करणार की सीमा पुढे सरकवणार? ३२ बिटांचा आकडा ६४ चा करणार की फक्त उण्याची बाजू काढून टाकणार? उण्याची बाजू काढली की तारीख फेब्रुवारी २१०६ पर्यंत जाते, आणि ते पुरेसं वाटतं. पण १९७० च्या आधीच्या तारखा त्या उण्याच्या बाजूलाच असतात. पतसंस्थेच्या ज्या सभासदाचा जन्म १९६२ चा आहे त्याची जन्मतारीख मग कुठे ठेवणार? ज्येष्ठ नागरिकाचा जादा व्याजदर त्या तारखेवरच ठरतो.

दुरुस्तीच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा धंद्याच्या रीतीचा आहे. बाजार समितीतल्या अडत्याचा प्रोग्रॅम घ्या. शेतकऱ्याची पट्टी काढताना हमाली, तोलाई, वाराई वजा होते, अडत व्यापाऱ्याकडून वेगळी लागते, आणि गावोगावच्या बाजारात हे दर आणि त्यांचा क्रम वेगळा असतो. तयार पॅकेजला हे शिकवायला जेवढा वेळ आणि पैसा जातो, तेवढ्यात जुना प्रोग्रॅम तारखेपुरता नीट होतो आणि शिवाय दिवाणजींची बोटं त्याला सरावलेली असतात. ही सवय छोटी गोष्ट नाही. सकाळी लिलाव संपल्यावर पट्ट्यांसाठी रांग लागते तेव्हा माऊस शोधत बसायला वेळ नसतो.

बदलीच्या बाजूने मुद्दे आहेत ते २०३८ चे नाहीतच. ते आजचे आहेत, आणि म्हणून जास्त जोरकस आहेत. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. म्हणजे डॉसमधला फॉक्सप्रो २०३८ ला टिकला तरी पुढच्या संगणकाला टिकत नाही. डॉसबॉक्ससारखा, डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम मध्ये घालून तो चालवता येतो. एकटा माणूस बिलं करत असेल तर हा चांगला मधला मार्ग आहे. तिघं-चौघं एकाच वेळी नोंदी करत असतील तर दोघांनी एकच नोंद उघडल्यावर काय होतं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ओळी नीट उतरतात का, हे आधी बघून घ्या. व्हिज्युअल फॉक्सप्रोतला प्रोग्रॅम मात्र विंडोज ११ वर चालतो. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार जानेवारी २०१५ मध्ये काढला, तरी चालतो.

उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. जुन्या प्रोग्रॅमातून आकडे काढून पोर्टलवर हाताने भरणारी माणसं मी पाहिलेली आहेत. त्यात दिवसाचे तास जातात. अशा ठिकाणी तारखेच्या दुरुस्तीवर खर्च करणं म्हणजे पडायला आलेल्या भिंतीला रंग देणं. सरळ तयार पॅकेज घ्या, टॅली घ्या किंवा दुसरं काही. घेण्याआधी मात्र चाचणीच्या कंपनीत २०४० ची एक नोंद करून, तिचा अहवाल काढून बघा. टॅलीत एफ२ ने तारीख बदलता येते, त्यामुळे ही चाचणी दोन मिनिटांची आहे.

बदलीतला लपलेला खर्च जुन्या मराठी डेटाचा. नव्वदच्या दशकात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रावर, किंवा नंतर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांवर सभासदांची नावं मराठीत भरली गेली. ती युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतांत, नाहीत. नव्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी ओतली तर 'पाटील' च्या जागी विचित्र इंग्रजी अक्षरांची माळ दिसते. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हटकून बिघडतात, आणि शेवटी कुणीतरी बसून नावं तपासावी लागतात. कोटेशनमध्ये 'डेटा ट्रान्सफर' अशी एक ओळ असते ती या कामासह आहे की नाही, हे लेखी घ्या. बहुधा नसते.

क्लाउडबद्दल थोडक्यात. तारखेची काळजी तुमच्याकडून विक्रेत्याकडे जाते, हे खरं. संगणक कुठलाही चालतो, बॅकअपची कटकट कमी होते. बदल्यात दरमहा किंवा दरवर्षी पैसे, आणि नेट गेलं की बिल बंद. मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे: वर्गणी थांबवली की डेटा कोणत्या रूपात परत मिळतो? जीएसटीच्या हिशोबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, कंपनी कायद्याखाली आठ आर्थिक वर्षं. विक्रेता बदलला म्हणून ही जबाबदारी बदलत नाही. सगळ्या नोंदी एक्सेल किंवा सीएसव्हीत (कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत) उतरवून देणारं बटण दाखवता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

चाचणी कशी घ्यावी, आणि कुठे मुळीच घेऊ नये

चालू संगणकाची तारीख पुढे नेऊन बघणं हा सगळ्यात वाईट मार्ग. सॉफ्टवेअरचा परवाना संपल्यासारखा लॉक होतो आणि तारीख मागे आणली की 'घड्याळाशी छेडछाड' म्हणून पुन्हा लॉक होतो. बॅकअपचा प्रोग्रॅम तीस दिवसांपेक्षा जुने बॅकअप पुसायला लावलेला असेल तर त्याच्या दृष्टीने सगळेच बॅकअप जुने ठरतात.

कपाटावर पडलेला एखादा जुना संगणक काढा. त्यावर प्रोग्रॅम आणि कालचा बॅकअप टाका. नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय बंद करा. वेळेचा विभाग भारताचाच असल्याची खात्री करून तारीख १९ जानेवारी २०३८, वेळ सकाळी ८:४० लावा. एक बिल करा. पाच मिनिटं थांबा. दुसरं बिल करा. दोन्ही छापा, मग खतावणी काढा, येणे बाकी काढा, महिन्याचा विक्री अहवाल काढा. शेवटी बॅकअप घ्या आणि तो परत टाकून बघा. हेच पुन्हा ३१ डिसेंबर २०२९ च्या रात्रीवर, आणि ३१ मार्च २०३० च्या वर्षअखेरीवर. २९ फेब्रुवारी २०२८ ही करून टाका, कारण न्यूझीलंडमध्ये २९ फेब्रुवारी २०२४ ला कित्येक पेट्रोल पंपांवरची कार्डाने पैसे घेणारी यंत्रं लीप दिवसामुळेच बंद पडली होती. एवढ्यासाठी अर्धा दिवस लागतो. हिशोब ठेवणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. आकडा चुकलाय हे संगणकवाल्याच्या आधी त्याला कळतं.

कुणी काय निवडावं

किराणा, हार्डवेअर, औषधांचं दुकान, जिथे धंद्याची रीत सगळीकडे सारखी आहे: बदली. तयार पॅकेजं याच कामासाठी घासूनपुसून झालेली आहेत, आणि विंडोज ११ मुळे नवा संगणक तसाही घ्यावा लागणार आहे. दोन खर्च एकत्र करा.

अडत, दूध संकलन, जॉबवर्क करणारा छोटा कारखाना, ज्यांचा प्रोग्रॅम अंगाबरोबर शिवलेला आहे आणि कोड हाताशी आहे: दुरुस्ती, पण वर्ष चार आकडी करूनच. कोड नसेल आणि प्रोग्रॅमरही भेटत नसेल तर हा पर्याय तुमच्या हातातून गेलेला आहे. एक्झीमधून कोड परत काढणारी साधनं असतात, पण त्यातून निघालेला कोड समजून घेणारा माणूस शोधणं हे नवं काम होऊन बसतं.

पतसंस्थेने थांबू नये. ठेवींच्या परतीच्या तारखा, कर्जाचे हप्ते आणि सभासदांच्या जन्मतारखा या तीन गोष्टी आजच तपासायच्या आहेत, आणि पुढचा निर्णय त्या तपासणीतून निघेल. वार्षिक सभा सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. कोटेशनं आणि चाचणीचा निकाल तिथे मांडला तर खर्चाला मंजुरीही तिथेच मिळते.

काहीही निवडलंत तरी खरेदीच्या ऑर्डरवर तीन ओळी घाला: २०३८ नंतरच्या आणि १९७० पूर्वीच्या तारखा सर्व पडद्यांवर व अहवालांत चालतील, सर्व डेटा मागू तेव्हा सीएसव्हीत मिळेल, प्रोग्रॅम खास करून घेतलेला असेल तर मूळ कोड पेन ड्राइव्हवर मिळेल. शेवटच्या ओळीवर विक्रेता कुरकुर करतो. निम्मं बिल ती पूर्ण होईपर्यंत अडवून ठेवा.

बदल १ एप्रिलला करा, मध्येच नको. जानेवारी ते मार्च दोन्ही प्रोग्रॅम बरोबरीने चालवा, निदान महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीचे आकडे दोन्हींतून काढून ताडून बघा. तीन महिने दुहेरी काम पडतं, माणसं वैतागतात, एखादा जादा हात घ्यावा लागतो. तो खर्च कोटेशनमध्ये नसतो, तुम्ही मनात धरून ठेवा. नवं सुरू झालं की जुना संगणक भंगारात देऊ नका. नेटवर्कपासून तोडा, बॅकअप दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या, आतली सीआर२०३२ ची बटण बॅटरी नवी घाला, म्हणजे पाच वर्षांनी नोटीस आल्यावर चालू केला तर तो स्वतःची तारीख विसरलेला नसेल.